काटा हलला का?

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वहिनींची पाठदुखी, पोरीची ॲडमिशन, यंदाचे फणस हे सगळं चार ओळींत, आणि गाडी मात्र दोन पानं! वाचून हसू आलं, कारण गेलं वर्षभर मीही घरात असाच वागत होतो. "कधी चालू होते, कधी होत नाही, आणि गॅरेजला नेली की पहिल्या सेल्फला उठते" हे तुझं वाक्य माझ्या तोंडचंच आहे. पण माझ्या गाडीचं औषध तुझ्या गाडीला लावू नकोस. का, ते सांगायलाच एवढं लिहायला बसलोय.

माझी गाडी तू पाहिलीयस. २०१२ची डिझेल, कॉमन रेल (म्हणजे पंप एका सामाईक पाइपात डिझेल दाबून ठेवतो आणि कॉम्प्युटर ते इंजेक्टरमधून फवारतो), एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. गेल्या वर्षी पहिल्यांदा रुसली. जवळच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले. मग फिल्टर बदलला. मग म्हणाला हीटर प्लग गेलेत, तेही चारच्या चार नवे घातले. बिल विचारू नकोस.

आता वाटतं, हीटर प्लगच्या वेळी तरी मला शुद्ध यायला हवी होती. तो प्लग थंड इंजिनाच्या उपयोगाचा. माझी गाडी बंद पडायची ती बहुतेक वेळा तापल्यावर. आठवतं ना, आमच्या विहिरीवरचं अण्णांचं ऑइल इंजिन? त्याला कुठले प्लग नि कुठली बॅटरी! हँडल मारायचं, वेग आला की लिव्हर सोडायची. आतली हवा दाबून दाबून एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं. एकदा ते हँडल उलटं फिरून तुझ्या मनगटावर बसलं होतं आणि आपण दोघांनी अण्णांना सांगितलं होतं की तू बांधावरून पडलास. डिझेलला तेव्हाही दोनच गोष्टी लागायच्या, आजही त्याच लागतात: दाबलेली हवा आणि वेळेवर आलेलं डिझेल. फक्त ती वेळ आता कॉम्प्युटर ठरवतो.

तर, मार्चमध्ये तुमच्याकडून परत येताना साखरप्यापासून आंबा घाट चढलो आणि वर आंबा गावात चहाला थांबलो. वीस मिनिटांनी सेल्फ मारला. इंजिन घरघर जोरात फिरतंय, पण पकडत नाही. एकदा, दोनदा, पाचदा. टपरीसमोर थोडा उतार होता. चहावाल्याने आणि दोन पोरांनी धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडीने आचके दिले, चाकांनी इंजिन चांगलं फिरवलं, तरी शून्य. तुझी वहिनी मागच्या सीटवर काही बोलत नव्हती, त्यावरून काय ते ओळख. पाऊण तासाने, काहीही न करता, गाडी पहिल्या सेल्फला चालू!

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. तिथे पंप-नोझलचं काम करणारे एक चाचा आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसूनच विचारलं, "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हालत हुता का?"

काटा! इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणारा डॅशबोर्डवरचा काटा. वर्षभरात चार गॅरेजं झाली, कुणी हे विचारलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. पण डोळे मिटून आंब्याचा तो प्रसंग आठवला तर काटा खाली झोपलेलाच दिसत होता, अगदी धक्का मारतानाही. चाचा म्हणाले, मग बॅटरी नको, सेल्फ नको, पंप नको. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही.

ते कळवणारा एक अंगठ्याएवढा सेन्सर असतो, क्रँक सेन्सर. माझ्या गाडीत तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेला आहे. बऱ्याच गाड्यांत समोरच्या चकतीवर साठ दात्यांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम काढलेले. ती फट समोरून गेली की कॉम्प्युटर ओळखतो, पिस्टन आत्ता कुठे आहे. सेन्सरच गप्प असेल तर डिझेल कधी फवारायचं हे ठरत नाही, म्हणून तो फवारतच नाही. आत केसासारख्या तारेची कॉइल असते. ती कुठेतरी तुटत आलेली असली की गार असताना टोकं चिकटलेली राहतात, तापली की सुटतात. आणि गंमत बघ, चालत्या गाडीपेक्षा नुकत्याच बंद केलेल्या गाडीत तिथे जास्त उकडतं. पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, घाटाची सगळी धग तिथेच कोंडते. म्हणून नेमकी चहानंतर रुसायची. गॅरेजला पोचून, नंबर लागेपर्यंत गार व्हायची आणि शहाण्यासारखी वागायची. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर दोनदा लावला होता, बिघाडाचा कोड एकही नव्हता.

सेन्सर काढल्यावर चाचांनी जे केलं ते मी विसरणार नाही. मीटर लावून कॉइलचा रोध मोजला, साधारण ९०० ओहम. मग शेजारून उकळत्या पाण्याचा ग्लास मागवला, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात सोडला, वायरी बाहेर. आम्ही दोघं ग्लासाकडे असे बघत बसलो की जणू दूध उतू जाणार आहे. ९२०, ९५०, हजाराच्या वर, आणि एकदम आकडा गायब. बाहेर काढून फुंकर मारली, पाच मिनिटांनी आकडा परत आला. मी आनंदाने ओरडलोच. (तुझ्या गाडीचा सेन्सर तीन पिनांचा असेल तर हा खेळ करू नकोस, तो बहुधा हॉलचा, म्हणजे आत साध्या कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो आणि ओहम मोजून त्याचं काही कळत नाही.)

सेन्सर बदलला आणि मी घरी पेढे नेले. पाचव्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना.

खरं सांगतो, त्या सकाळी गाडी विकायचा विचार केला. पण यावेळी काटा बघितला. हलत होता, दोनशेच्या आसपास. म्हणजे हे दुसरंच दुखणं. मग सायलेन्सरपाशी वाकून बघितलं, धूर अजिबात नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही असं म्हणता आलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. कॉमन रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब बनल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही, आणि लायनीत हवा असली तर तो दाब बनत नाही. चाचांच्या भाषेत, एअर घेतलीय.

त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडून दिली आणि म्हणाले, रोज बघ. आमच्या घरासमोर चढ आहे. नाक वर करून गाडी लावली की सकाळी नळीत बुडबुड्यांची माळ, सपाटीवर लावली की नळी स्वच्छ. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरत होतं आणि त्याच्या जागी कुठूनतरी हवा शिरत होती. ते कुठून, तर फिल्टरच्या तोंडावरच्या रबरी रिंगमधून! तीच रिंग, जी पहिल्यांदा फिल्टर बदलताना जुनीच परत बसवली होती. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू. दुरुस्तीसाठी नेलेल्या गाडीला दुरुस्तीनेच दुसरं दुखणं लावलं होतं. दोन्ही दुखणी एका वहीत 'गाडी चालू झाली नाही' म्हणून लिहिली जात होती, त्यामुळे माझा घोळ वर्षभर सुटला नाही.

तिथे एक मूर्खपणा मी करता करता राहिलो. अण्णांच्या इंजिनाची सवय, नोझलचा नट ढिला करून हवा काढायला पाना उचलला. चाचांनी हातावर चापट मारली. त्या जुन्या नोझलला दोनशे बारच्या आसपास दाब असायचा, या लायनीत चालू असताना हजार-दीड हजाराच्या वर जातो. ती धार कातडीतून आत शिरते. फिल्टरपर्यंतची नळी हाताळ, पुढच्या लोखंडी पाइपांना हात लावू नकोस.

आता तुझी गाडी. तू लिहिलंयस की चावी फिरवली की 'टक' एवढाच आवाज येतो, मग चार-पाच वेळा केल्यावर एकदम फिरते. म्हणजे तुझं इंजिन मुळात फिरतच नाही. सेन्सर, फिल्टर, इंजेक्टर यांचं नावही काढू देऊ नकोस कुणाला. 'टक' होतं तेव्हा वहिनींना चावी धरायला सांग आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धर. एरवी चांगली बॅटरी साडेबाराच्या थोडं वर दाखवते. चावी फिरवल्यावर आकडा नऊच्या खाली कोसळला तर आधी बॅटरीकडे बघ. बारावरच थांबला तर बॅटरी ताकद द्यायला तयार आहे, वाटेत कुणीतरी अडवतोय. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. परत चावी. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंतची जोडणी, गेली. तुझी गाडी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उघड्यावर उभी असते, त्या खाऱ्या हवेत तुझ्या गेटच्या बिजागऱ्यांचं काय झालंय ते आठव. माझा संशय त्या पट्टीवरच आहे. अर्थिंग चांगलं निघालं तर सेल्फमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतील, तेही असंच 'टक टक' करतात.

नवा सेल्फ घ्यायची घाई करू नकोस. जम्पर केबल असेल तर तिचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या बोल्टला लावून बघ. 'टक' जाऊन गाडी फिरली तर निकाल लागला.

आणि दर वेळी लिहून ठेव: गार की तापलेली, उभी कुठे होती, फिरली का, काटा हलला का, धूर आला का. मी पुढच्या शनिवारी येतोच आहे, मीटर घेऊन येतो. वहिनींना म्हणावं, फणसाची भाजी करा, आणि तुझ्या गाडीने मी पोचायच्या आत बरं होऊ नये एवढी काळजी घे.

तुझाच,
दिन्या