दिन्या, तुझी पाण्याची नळी कामाला आली

वणी,
रविवार दुपार

प्रिय दिन्या,

फोनवर हे सांगितलं असतं तर तिसऱ्या वाक्याला तू मला तोडलं असतंस आणि आपण पुन्हा लूनाच्या कार्ब्युरेटरवर येऊन भांडलो असतो. म्हणून लिहून राहिलो. वणीत हे समजणारा एक रज्जाकभाई आहे, पण तो ऐकून घेत नाही.

तब्येत बरी. शुगर आहे तिथंच आहे, सुनंदाचा गुडघा तसाच.

तर सोळा-तेरा, आपला टाटाचा ट्रक. आधीच्या मालकानं ती कुठंतरी ठोकली होती, हे तुला माहीत आहे. त्यात एअर क्लीनरला, म्हणजे इंजिनाची हवा गाळणाऱ्या डब्याला, वरून हवा आणणारा पाईप गेला. त्यानं नवा बसवलाच नाही, डब्याचं तोंड पुढच्या चाकामागं उघडं सोडून दिलं. म्हणजे चाक जेवढी धूळ उडवेल तेवढी सरळ डब्यात. आणि आपल्याकडची धूळ तुला सांगायला नको. उकणी-मुंगोलीकडं कोळशाची, राजूरला चुन्याची, आणि उन्हाळ्यात रस्त्याची ती काळी भुकटी. वर डब्याच्या बुडाची रबरी चोच गायब, तिथं गोणपाटाची चिंधी कोंबलेली! आयटीआयतले मास्तर ती चोच बोटानं दाबून दाखवायचे ना, इंजिन हळू झालं की ती उघडते आणि जमलेली धूळ खाली टाकते? चिंधी कोंबल्यावर धूळ जाईल कुठं? आतच फिरणार आणि फिल्टरचा कागद चोक करणार. गाडी चढावर काळा धूर मारायची, पिकअप नाही, आणि ड्रायव्हर म्हणे डिझेलचा पंप खराब आहे.

आता यात आमचा पोट्टा घुसला. तुझा लाडका. बी.ए. अर्धवट सोडून दोन वर्षं मोबाईल घासत बसलेला, त्यानं कुठंतरी रील पाहिली आणि एक लाल जाळीचा उघडा फिल्टर मागवला, भोंग्यासारखा. मला न विचारता डबा काढला, तो भोंगा बॉनेटखाली पाईपला लावला, आणि गाडी अशी शिट्टी मारायला लागली की टिळक चौकातली माणसं वळून पाहत. पोट्टा खूश. म्हणे बाबा, आता दम पाहा. पुढं म्हणे पंपही थोडा वाढवून घेऊ.

मी काहून तिथंच काढून फेकला नाही, हे तू विचारशील. खरं सांगू? त्या दिवशी त्याच्या हाताला पहिल्यांदा ग्रीस दिसलं. नखांत. जेवायला बसला तर सुनंदानं हात धुऊन ये म्हटलं आणि हा म्हणतो, निघत नाही. तुझे-माझे हात आयटीआयत असेच असायचे. मग मी बोललोच नाही.

पण राहवतही नव्हतं. मग तुझी नळी आठवली, इंजिनाची हवेची ओढ पाण्याच्या नळीनं मोजायची ती आयटीआयतली कल्पना. सगळी बॅच हसली होती तेव्हा, मीही हसलो होतो, आणि तू तीन दिवस माझ्या डब्यातलं खाल्लं नव्हतंस. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली, फळीवर यू आकारात ठोकली, पाण्यात कुंकू कालवलं. एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) मधल्या पाईपला निपल लावून जोडलं, दुसरं उघडं. उभ्या गाडीवर रेस करून उपयोग नाही, लोडवरच टर्बो खरी हवा ओढतो, हे तुझंच वाक्य. म्हणून माल भरून चढावर घेतली. मी गाडी चालवून राहिलो आणि पोट्टा केबिनमध्ये फळी मांडीवर धरून बसला.

जुना डबा परत लावून आधी पाहिलं. दोन बाजूंच्या पाण्यात 31 इंचांचा फरक! टर्बोच्या डिझेलला 25 इंच म्हणजे फिल्टर बदलायची वेळ झाली, हे आपण पाठ केलं होतं. मग त्याचा भोंगा लावून तोच चढाव. 7 इंच.

पोट्ट्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बस. तुझी नळी त्याच्या बाजूनं बोलली बे!

आणि नळी खोटं बोलत नव्हती. तिला ओढ समजते, धूळ समजत नाही. मग मी फिल्टरनंतरच्या पाईपात आतून ग्रीसचा हात फिरवला, गाडी नेहमीच्या फेऱ्या करू दिली, आणि पाईप काढून पांढऱ्या कापडानं पुसलं. त्याला म्हटलं, तूच पूस. कापडावर राखाडी पट्टा आला. बोटात चोळला तर करकर. फिल्टरच्या पलीकडं, टर्बोच्या तोंडाशी! टर्बोची पाती झिजणार, मग सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा. भोंगा ओढत नव्हता कारण अडवतच नव्हता.

दुसरं उन्हाचं. डेअरीतला दुधाचा थर्मामीटर बॉनेटखाली भोंग्याजवळ बांधला. बाहेर 43, आत 68. पोट्ट्याला कागदावर गणित करून दाखवलं: 25 अंशांनी हवा 7 टक्के विरळ होते. या इंजिनाचा हिशोब तुला तोंडपाठ असेल, सहा सिलिंडर, 97 एमएम बोअर, 5.7 लिटर. 2000 आरपीएमला टर्बो न धरताही मिनिटाला साडेपाच हजार लिटर हवा. त्यातली 7 टक्के तू फुकट घालवली, शिट्टीसाठी, म्हटलं. आणि पंप वाढवायचा तर एक लिटर डिझेल जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. हवा नसताना डिझेल वाढवलं तर ते धूर होऊन जाते आणि पिस्टन तापते ते वेगळंच. तो गप्प होता. गणितानं गप्प झाला की रागानं, कळलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून बसवलं ते सांगतो, यात तू चूक काढशीलच.

डबा जुनाच. आत नवा कागदी एलिमेंट, त्याच्या आत छोटा सेफ्टी एलिमेंटही नवा. तो आधी नव्हताच. चोच नवी. हवेचं तोंड केबिनच्या मागून टपाच्या वर नेलं. पोट्टा म्हणे स्प्रिंकलरचे तीन इंची पाईप शेतात पडले आहेत, फुकट होईल. त्याला सांगितलं, चारचं तीन केलं तर अडथळा चौपट होतो, आणि ते प्लास्टिक इंजिनच्या धगीनं नरम पडून ओढीनं चपटं व्हायचं. पत्र्याचा चार इंची पाईप वाकवून घेतला. वर जुन्या ट्रॅक्टरची प्री-क्लीनरची वाटी, कबाड्याकडून, घासाघीस करून 350 ला. आतली तिरपी पाती हवेला गरगर फिरवतात, जड धूळ कडेला फेकली जाते. पहिल्याच आठवड्यात वाटीत बोटभर काळं जमलं. पोट्टा ते दाखवायला घरात घेऊन आला, सुनंदाच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. पुढचं विचारू नको. खालच्या कोपराला पावसाचं पाणी गळायला एक भोक ठेवलं, तोंड खाली वळतं.

आता नळी 11 इंच दाखवते. धूर गेला. पिकअपमध्ये चमत्कार नाही, होणारही नव्हता, पण भरलेली गाडी चढावर एक गिअर उशिरा मागते. कापड स्वच्छ निघालं.

मी त्याला एकच गोष्ट घोकून घेतली. फिल्टरच्या आधी काही चुकलं, वेल्डिंगची गुठळी राहिली, सांधा फुटला, तरी फिल्टर पकडतो. फिल्टरनंतरचा एक क्लॅम्प ढिला राहिला तर सगळं सरळ टर्बोत. म्हणून वरचं सगळं काम त्याला करू दिलं आणि खालचे दोन क्लॅम्प मी स्वतः आवळले. त्याला ते लागलं. म्हणे, तुमचा भरवसाच नाही. मी म्हटलं, क्लॅम्पवर नाही. तो उठून गेला.

हेच डोक्यात आहे दिन्या, बाकी सगळं तुला गाडीची मजा म्हणून लिहिलं. इंजिनानं आधीच धूळ खाल्ली आहे. ऑइलचं झाकण उघडलं की बॅक कॉम्प्रेशन मारते, म्हणजे सिलिंडरमधला गॅस तिथून बाहेर फेकते, ऑइल खाते. रज्जाकभाई म्हणतो आत्ताच हाफ इंजिन करून घे, म्हणजे उघडून लायनर, पिस्टन, रिंगा बदलून घे. मी म्हणतो कापसाचा सीझन जाऊ दे, जिनिंगच्या गाठींचं भाडं येईल, मग उघडू. एवढं ऑइल पीत ती सीझन काढेल, काळजी तिची नाही. पोट्टा रात्री सुनंदाला म्हणाला की मी दिनूकाकाकडं चाकणला जातो, कंपनीत लागतो. मला सांगितलं नाही. भोंगा त्यानं फेकला नाही, कपाटावर ठेवला आहे, खोक्यासकट.

जाऊ नये असं नाही. जावं. पण रुसून गेला तर कंपनीतून सुटेल आणि पुन्हा मोबाईल घेऊन बसेल. गाडी आवडून गेला तर गोष्ट वेगळी. हाफ इंजिन उघडायच्या वेळी तो इथं पाहिजे. लायनर त्यानं बोटानं चाचपून पाहिला पाहिजे, धुळीनं काय केलं ते. ते पुस्तकात दिसत नाही, आणि तुझ्या कंपनीत तर नाहीच, तिथं सगळं नवंकोरं येते.

म्हणून, तो फोन करेल तेव्हा लगेच ये म्हणू नको. नाहीही म्हणू नको. त्याला नळीबद्दल विचार. ती तुझी कल्पना होती हे मी त्याला सांगितलं नाही, मुद्दाम. मी सांगितलं तर माझं होईल. तू सांग. आणि त्या फळीवर इंचांच्या खुणा त्यानं स्केचपेननं केल्या आहेत, अगदी नेटक्या, त्याचं कौतुक कर. मला जमलं नाही ते.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं असं ताईकडून कळलं, मला तू सांगितलं नाहीस, लक्षात ठेवीन. छोटीला दहावीत 91 टक्के? ती तुझी नक्कीच नाही. घराचं रजिस्ट्रेशन झालं का? हप्त्याचं टेन्शन घेऊ नको, सगळेच भरून राहिले. रंगनाथ स्वामींच्या जत्रेला यंदा या, मागच्या वेळी आलात ते अर्ध्या दिवसात पळालात.

आणि लूनाचं सांगतो. जेटमध्ये कचरा होता. फ्लोट बरोबर होता. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

एक काम. चाकणला चार इंची रबरी बेंड आणि बोल्टवाले रुंद पट्टीचे क्लॅम्प चांगले मिळतात. इथं मिळतात ते पातळ पट्टीचे, आवळले की रबरात रुततात आणि मध्येच सटकतात. एक बेंड आणि चार क्लॅम्प ट्रॅव्हल्सनं पाठव, पार्सल पोट्ट्याच्या नावानं कर. पैसे मी पाठवतो, घेणार नाहीस माहीत आहे, तरी.

तुझा,
नाना

ता. क. बेंड नव्वद अंशाचाच घे, पंचेचाळीसचा नको. आणि आतून हात फिरवून बघ, तारेची रिंग असली पाहिजे.