इन्सुलिन टोचायची जागाही तपासा

महोदय,

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनानिमित्त कोल्हापुरात पेठापेठांत तपासणी शिबिरे भरतात. आयोजकांना विनंती आहे, की यंदा पडद्याआड एक पलंग ठेवा आणि इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाचे पोट व मांड्या जाणकार परिचारिकेकडून चाचपून घ्या. सीपीआर या कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हे नेहमीच व्हायला हवे.

साखर उतरवणारे इन्सुलिन चरबीच्या पेशींना मेद साठवायलाही लावते. रोज एकाच जागी टोचले की तिथल्या पेशी फुगतात आणि कातडीखाली रबरासारखी गाठ धरते. तिथे सुई कमी दुखते, म्हणून रुग्ण तीच जागा धरून बसतो. गाठीतून औषध रक्तात कधी उशिरा उतरते, कधी अर्धेमुर्धे, कधी एकदम. त्यामुळे जेवण तेच असूनही साखर आज २५० तर उद्या ६५ लागते. मग पथ्य मोडल्याचा ठपका येतो, इन्सुलिनचे युनिट वाढतात आणि गाठही वाढते. पांढऱ्या रश्शाला बोल लावण्याआधी पोट तरी बघावे!

पुष्कळ गाठी डोळ्यांना दिसत नाहीत. उताणे झोपून, बोटांना साबणाचे पाणी लावून हळूहळू दाबत गेले की कातडीखालचा जाड, घट्ट भाग हाताला लागतो. त्यावर पेनने खूण करावी आणि तिथे टोचणे थांबवावे. पोटाचे चार भाग कल्पून आठवड्याला एक भाग वापरावा, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवावे, बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडावी. इन्सुलिनच्या पेनला ४ मिमीची सुई अंगाने जाड माणसालाही पुरते. पैसे वाचवायला तीच सुई पुन्हा पुन्हा वापरू नये, त्यानेही गाठी वाढतात.

सर्वात मोठा धोका जागा बदलताना असतो. चांगल्या जागेतून औषध पुरते भिनते, त्यामुळे जुनाच डोस घेतला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना गाठ दाखवून डोस किती कमी करायचा ते विचारावे आणि सुरुवातीचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी. घाम, थरथर, भोवळ जाणवली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. गाठ जिरायला काही महिने लागतात. तोवर तिथे पुन्हा सुई नको.

– एक मधुमेह समुपदेशक, राजारामपुरी, कोल्हापूर