शिबिरातील अनोळखी सोबत्यांचे आभार

मनःस्वास्थ्य शिबिरात भेटलेल्या, ज्यांची नावेही मी विचारली नाहीत, अशा सर्व मध्यमवयीन सोबत्यांचे मी मनःपूर्वक आभार मानते. घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, सुटलेली नोकरी अशी दुःखे स्वतः सोसत असतानाही आपण माझे बोलणे मध्येच न तोडता, कोणताही सल्ला न देता ऐकून घेतलेत. माझ्या मते बरे होण्याची सुरुवात तिथेच झाली. श्वास सावकाश सोडल्याने हृदयाची गती मंदावते, हे मार्गदर्शकांनी समजावले होते, परंतु रडू आवरेनासे झाले तेव्हा शेजारी बसून माझ्याबरोबर दीर्घ श्वास सोडणाऱ्या ताईंमुळेच मला ते जमले. शिबिर म्हणजे उपचारांना पर्याय नव्हे, समुपदेशन थांबवू नका, असे आग्रहाने सांगणाऱ्या गृहस्थांचीही मी ऋणी आहे. ते मी सुरू ठेवले आहे.