तान्ह्या पोळ्याचा नंदी परत आणणाऱ्यांचे आभार

पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्ध्याच्या बाजारातून लेकासाठी लाकडी नंदी घेतला. चार चाकांचा, वीतभर उंच. झडी लागलेली. फाट्यावर एसटीतून उतरताना एका हातात सामानाची थैली, खांद्यावर झोपलेलं पोरगं. नंदी राहिला सीटखाली. चूक सगळी माझीच.

पोरगं रात्री जेवलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो, लेकरं नंदी घेऊन घरोघरी बोजारा मागतात. नंदीच नाही, तर जायचं काय घेऊन?

फाट्यावरच्या चहावाल्या दादांना सांगून ठेवलं. त्यांनी अंधार पडेपर्यंत येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवून विचारलं. पोळ्याच्या सकाळी पहिल्या गाडीच्या कंडक्टर ताईंनी पेपरात गुंडाळलेला नंदी खिडकीतून त्यांच्या हातात दिला. सीटखाली घरंगळून एक शिंग मोडलं होतं. ताईंनी ते फेव्हिकॉलनं चिकटवून वर लाल दोरा गुंडाळलेला. दुसऱ्या, धड शिंगालाही अगदी तेवढाच दोरा, म्हणजे मोडकं कोणतं ते लेकराला कळू नये! मलाही उन्हात धरून पाहिल्यावरच कळलं.

दादा, तुम्ही त्या दिवशी चहाचे पैसेही घेतले नाहीत, असं करू नका बाप्पा.

बोजारा सत्तर रुपये जमला. त्यातले दहा पोरानं 'बसवाल्या मावशीचे' म्हणून डब्यात वेगळे ठेवलेत. ताई, फाट्यावर गाडी थांबली की मागून घ्या.