जळालेल्या स्टेपर ड्राइव्हची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय : आपणच निवडून दिलेल्या संचातला ड्राइव्ह जळूनही वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

जालना एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. पेरणी यंत्राच्या बियाणे चकत्या, पुल्या, स्प्रॉकेट अशी कामं मी स्वतः मशीनवर उभा राहून करतो. जुन्या एम वन टी आर मिलिंग मशीनला सीएनसी (संगणकाने चालणारं) करण्यासाठी तुमच्याकडून तीन अक्षांचा पूर्ण संच घेतला. त्यात नेमा 34 मापाच्या स्टेपर मोटारी (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या), त्यांना करंट देणारे ड्राइव्ह आणि ट्रान्सफॉर्मरचा पॉवर सप्लाय असं सगळं होतं. बॉल स्क्रूचा पिच (एका फेऱ्यातली सरक) 5 मिमी आहे, रॅपिड (कापत नसतानाचा वेग) मिनिटाला 3 मीटर हवा आहे आणि झेड अक्ष नीवरच (टेबल वर-खाली नेणाऱ्या भागावर) बसवायचा आहे, हे तुमच्या विक्री अभियंत्यांना आधीच लेखी कळवलं होतं. त्यावरून कोणता ड्राइव्ह आणि किती व्होल्टचा सप्लाय हे त्यांनी ठरवलं. तो मेसेज पत्रासोबत जोडला आहे.

संध्याकाळी नी रॅपिडने खाली येत होता. थांबायच्या क्षणी ड्राइव्हमधून फट्‌कन आवाज आला, जळका वास सुटला आणि मोटार सैल पडली. बॉल स्क्रू जागेवर धरून राहत नाही, त्यामुळे नी टेबलासकट खाली घसरला. त्या वेळी खाली कुणाचा हात नव्हता, एवढंच नशीब. नीला ब्रेकवाली मोटार लागते, याबद्दल तुमच्याकडून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सेवा विभागाने ड्राइव्हचे फोटो मागवले आणि दोन ओळींत उत्तर दिलं : ‘ओव्हरव्होल्टेजमुळे बिघाड, ग्राहकाची चूक, वॉरंटी लागू नाही.’ ओव्हरव्होल्टेज झालं हे मलाही मान्य आहे. पण ते कुठून आलं, हे तुमच्या विभागाने तपासायला हवं होतं.

तुमच्या ड्राइव्हवर कमाल मर्यादा 80 व्होल्ट डीसी छापली आहे. त्याला तुम्ही ट्रान्सफॉर्मर दिलात 50 व्होल्टचा. ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटरनंतर 50 चे साधारण 71 होतात, हा हिशोब बरोबर आहे. पण 50 हा आकडा पूर्ण लोडवरचा असतो. मशीन नुसतं उभं असताना 230 व्होल्टच्या लाईटवर माझ्या मीटरला 73 दिसतात. पुरवठा नियमाप्रमाणे 6 टक्के वर-खाली होऊ शकतो, म्हणजे नियमात बसूनही 77 येतात. आमच्याकडे रात्री आजूबाजूची मशीनं बंद झाली की 250 सहज येतात, तेव्हा डीसी बाजूला 79 असतात. त्यात उतरत्या नीला मोटार आवरते तेव्हा ती जनरेटरसारखी वागते आणि ती ऊर्जा ड्राइव्हमधून सप्लायच्या कपॅसिटरमध्ये परत येते. 79 वर आणखी एक-दोन व्होल्ट चढले की मर्यादा संपली. यात मी कुठे चुकलो?

स्टेपरला व्होल्टेज जास्त लागतं, हे मी जाणतो. वेग वाढला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळ पुरत नाही आणि टॉर्क पडतो. म्हणून तर एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) न घेता ट्रान्सफॉर्मर घ्या हा तुमचा सल्लाही मी मानला. पण जास्तीत जास्त किती द्यावं याचा ढोबळ हिशोब या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे : मोटारीच्या इंडक्टन्सचा मिलिहेन्रीतला आकडा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि 32 ने गुणा. तुमच्याच मोटारीच्या कागदावर 4 मिलिहेन्री लिहिलं आहे, म्हणजे 64 व्होल्ट. 42 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला असता तर 230 ला 61 मिळाले असते आणि 250 लाही आकडा 67 च्या आत राहिला असता. माझ्या मशीनला 3 मीटरसाठी मोटार 600 आरपीएमच फिरवायची आहे, त्याला एवढं भरपूर झालं असतं. नाहीतर 110 व्होल्ट डीसी सोसणारा ड्राइव्ह द्यायचा होता, वरचे पैसे मी आनंदाने मोजले असते.

माहितीपत्रकाबद्दलही बोलायला हवं. त्यात करंट नुसता ‘6 ॲम्पिअर’ लिहिला आहे. तो पीक (क्षणिक कमाल) की आरएमएस (परिणामी, सरासरीसारखा)? पीक असेल तर आरएमएस 4.2 च भरतो आणि 6 ॲम्पिअरच्या मोटारीला पूर्ण टॉर्क कधीच मिळणार नाही. फोनवर तुमच्या दोन माणसांनी मला दोन वेगळी उत्तरं दिली. ड्राइव्हवरचा करंट ठरवणारे डिप स्विच लावणाऱ्याने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

मला पुढील गोष्टी हव्यात. जळालेला ड्राइव्ह विनामूल्य बदलून द्यावा आणि तिन्ही अक्षांसाठी 42 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्यावा. फक्त ड्राइव्ह बदलून भागणार नाही, तो त्याच सप्लायवर पुन्हा जळेल. नीसाठी ब्रेकवाली मोटार, दोन्ही मोटारींच्या मूळ किमतीतला फरक तेवढा घेऊन, बदलून द्यावी. माहितीपत्रकात पीक आणि आरएमएस दोन्ही आकडे छापावेत, आणि 80 व्होल्टच्या मर्यादेत लाईटची चढ-उतार व मोटारीकडून परत येणारं व्होल्टेज धरूनच सप्लाय निवडावा, अशी स्पष्ट सूचना द्यावी. बीड, परभणी, हिंगोलीकडची आमच्यासारखी कितीतरी लहान शॉप जुनी मशीनं अशीच बदलून घेत आहेत. त्यांच्याकडे ड्राइव्ह बसवण्याआधी हा कागद पोचला पाहिजे.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ‘व्यावसायिक वापर आहे, ग्राहक कायदा लागत नाही’ असं सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जालना जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

मृगाआधी चकत्यांची मागणी असते आणि मशीन उभं आहे. जळालेला ड्राइव्ह सीलसकट ठेवला आहे. तुमचा अभियंता येईल तेव्हा त्याच्यासमोर तो उघडू, आणि तेव्हाच सप्लायचं व्होल्टेजही दोघं मिळून रात्री आठनंतर मोजू.

कळावे,
आपला ग्राहक,
मशीन शॉपचालक, जालना