पुस्तक मिटा, खेळ चालू द्या

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवर लेख आला, त्याचा मनापासून आनंद झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसून नुसत्या बोलण्यातून आणि फाशांतून गोष्ट उभी करतात, हे निदान मराठी वाचकांपर्यंत पोचले. मात्र नवख्यांना त्यात दिलेला सल्ला मला अजिबात पटलेला नाही. आधी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच एका खेळाची तिन्ही मुख्य पुस्तके विकत घ्या, ती पाठ करा आणि मगच खेळायला बसा, असे लेखक म्हणतात. ही पुस्तके प्रत्येकी तीनशेहून अधिक पानांची आहेत. मी ठाण्यात दर शनिवारी संध्याकाळी नोकरदार आणि कॉलेजच्या मुलांचे टेबल चालवते. पुस्तक पाठ असलेल्यांचा खेळ कसा रखडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मध्यंतरी एका कॅफेत पाहुणी म्हणून बसले होते. गोष्ट छान रंगली होती. चोरलेला मुकुट पिशवीत, धो धो पाऊस, मागे पहारेकरी आणि पुढे गल्लीपलीकडचे छप्पर. एक मुलगी खुर्चीतून उठलीच, “मी उडी मारते!” डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’ने, विचारले, “तुझी स्ट्रेंग्थ किती?” बारा. स्ट्रेंग्थ म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा. नियमाप्रमाणे दहा फूट धावत आलात तर स्ट्रेंग्थचा आकडा असेल तितके फूट लांब उडी जाते, म्हणजे बारा फूट. मग प्रश्न आला की गल्ली किती रुंद? नकाशात लिहिलेले नव्हते. ओल्या कौलांवर धावता येते का? एकाने पुस्तक उघडले, दुसरा मोबाइलवर शोधू लागला, तिसऱ्याने सँडविच मागवले. निकाल लागेपर्यंत ती मुलगी खाली बसून फोन बघत होती, आणि पहारेकऱ्यांची आठवणसुद्धा कुणाला उरली नव्हती.

खरे तर तिथे एवढेच म्हणायचे होते : “उडी पोचेल गं, पण कौलं निसरडी आहेत. फासा टाक. दहाच्या आत आला तर तू पलीकडे, पिशवी मात्र खाली गल्लीत.” मग तो वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडतो तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम पुढे येतात. नियम खेळ संपल्यावर बघावा. निकाल चुकला असेल तर पुढच्या शनिवारपासून सुधारावा. चुकीच्या निकालाने गोष्ट मोडत नाही, थांबल्याने मोडते. शिवाय फासा कमी पडला तर नुसते “जमलं नाही” म्हणून सोडून देऊ नये. काहीतरी बदललेच पाहिजे. पिशवी पडावी, आवाज व्हावा, कुणीतरी खिडकी उघडावी.

हा माझा लहरीपणा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला तेव्हा पेटीत तीन बारीक पुस्तिका होत्या. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी त्यांनी वाचकांना सांगून ठेवले होते की अडलात तर तुम्हाला कसे हवे ते ठरवा आणि तसे करा. त्याआधी आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांसोबत ‘ब्लॅकमूर’ हा असाच खेळ खेळत असत, ते तर खेळता खेळताच नियम बसवत.

लढाईबद्दल थोडे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. टेबलावर हेच सहा सेकंद सहज वीस मिनिटे खातात. मी दोनच गोष्टी पाळते. एकाची पाळी चालू असतानाच पुढच्याला “तयार राहा रे” सांगते, आणि म्होरक्या पडला की उरलेल्या गॉब्लिनांना, म्हणजे त्याच्या टोळीतल्या छोट्या राक्षसांना, पळू देते. शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत फासे टाकत बसण्यात कुणालाच रस नसतो.

तपासाच्या गोष्टीत वेगळीच गोची होते. खणातले पत्र सापडायला फासा टाकायचा, तो कमी पडायचा आणि सगळी मंडळी त्याच खोलीत गोल गोल फिरायची. खेळ रचणारे रॉबिन लॉज यांची ‘गमशू’ ही तपासाच्या खेळांची नियमपद्धत याच दुखण्यावर बांधलेली आहे. योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतो, तर मुख्य धागा त्याला मिळतोच. मी ही युक्ती इतर खेळांतही सर्रास वापरते. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या दरोडेखोरांच्या खेळात तर दरोड्याची योजना आखण्यात तास घालवायचे कामच नाही. थेट दरोड्यातच सुरुवात होते, आणि तयारी काय केली होती ते गरज पडेल तेव्हा मागे जाऊन सांगायचे.

लेखातला दुसरा सल्ला मला जास्त खटकला : टेबल गप्प झाले की लगेच एखादा राक्षस सोडा. अहो, लय म्हणजे घाई नव्हे! आमच्याकडे पूर आलेल्या नदीकाठी सहा जण अडकले होते आणि नावेत जागा पाचांची. दोघे गोष्टीत सख्खे भाऊ. धाकट्याने विचारले, “दादा, आईला काय सांगू?” मोठ्याची भूमिका करणारा गृहस्थ दिवसभर हिशेब तपासतो, एरवी मोजकेच बोलतो. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “सांग, मागनं येतोय.” त्या वेळी मी राक्षस सोडला असता तर? मी फासे बाजूला सारले, पाणी कुठवर चढले तेही सांगितले नाही. त्या दोघांना हवा तितका वेळ दिला.

म्हणून एक विनंती. पुरवणीत पुढे कधी हा विषय आला तर नवख्यांना हेही कळू द्या की सुरुवातीला खर्च करण्याची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचे प्राथमिक नियम 2014 पासून इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि जानेवारी 2023 मध्ये मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. फाशांचा एक संच, पेन्सिली आणि तीन-चार तास फोन बाजूला ठेवायला तयार असलेले मित्र एवढ्यावर पहिला खेळ होतो. तीन पुस्तकांची किंमत ऐकून एकही मुलगा किंवा मुलगी मागे फिरू नये, यासाठी ही दुरुस्ती जरूर छापावी.

— एक गेममास्टर, ठाणे