उपासना ग्रुपसाठी सूचना: संतांचे स्मरणदिन

सर्वांना जय ख्रिस्त. पुढच्या तीन महिन्यांचा उपासनेचा प्लॅन बसवायचाय, तर मीटिंगला येताना प्लीज चर्चचं कॅलेंडर एकदा नीट चाळून या, नुसते रविवार मोजू नका. मधल्या वारांना येणारे संतांचे दिवस आपल्याकडून दरवेळी सुटतात आणि मला ते खरंच फार लागतं.

२६ डिसेंबरचंच बघा ना, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी स्तेफनाचा दिवस, पहिला रक्तसाक्षी (विश्वासासाठी जीव देणारा), दगड अंगावर पडत असताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा, आणि २८ ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं. म्हणजे गव्हाणीच्या आनंदाला लागूनच दुःख ठेवलंय, आणि ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्यांना त्या आठवड्यात याचाच आधार वाटतो.

२२ जुलै मरीया मग्दालीया. योहान २० वा अध्याय वाचायला बायकांपैकीच कोणीतरी घ्या, पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना तिनेच तर सांगितली.

पूर्ण वेगळी उपासना दरवेळी नकोच, रविवार प्रभूचाच राहू दे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत दोन ओळी, एखादं गीत, एवढंही पुष्कळ होतं. फक्त चरित्राचं लेक्चर नको, त्या माणसात ख्रिस्त कुठे दिसतो तेवढंच सांगा. आणि पर्पेतुआ, फेलिसितास (७ मार्च; इ.स. २०३ मध्ये कार्थेजला विश्वासासाठी जीव दिलेल्या दोघी) यांच्यासारखी कमी ऐकलेली नावंही सुचवा.

प्रत्येकाने एक तरी दिवस, त्याचा शास्त्रपाठ आणि गीत असं मीटिंगच्या आधी इथेच टाका.